एकाच चालीत फिर्याद आणि कैफियत

जुन्या संगीत नाटकांच्या छापील प्रती ज्यांनी हाताळल्या असतील त्यांना आठवेल, की पुष्कळ पदांच्या डोक्यावर बारीक टाइपात एक ओळ असे : ‘चाल — अमुक अमुक’. पद नाटककाराचे, अगदी नवे कोरे. चाल मात्र एखाद्या लावणीची, कीर्तनातल्या पदाची, नाहीतर कानडी मुलखातून आलेल्या गाण्याची. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. नटाला चाल आधीच ठाऊक असली म्हणजे निम्मी तालीम झाली, आणि प्रेक्षकाला ती ठाऊक असली म्हणजे घरी जाताना त्याच्या ओठांवर पद यायला वेळ लागत नसे. वर्गात मी हे सांगतो तेव्हा मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, ‘म्हणजे चोरीच की हो, सर!’ ती चोरी का नव्हे हे पटवता पटवता माझा तास संपतो.

हे गाऱ्हाणे मी गेल्या दिवाळीत माझ्या भाच्यापाशी केले. भाचा टेक्सासात, डॅलसला नोकरीला असतो आणि तिकडच्या ग्रामीण गाण्यांचा त्याला अलीकडे भलताच नाद लागला आहे. ‘मामा, तुमच्या मुलांना ही चार गाणी ऐकवा,’ असे म्हणून त्याने फराळाचे ताट बाजूला सारले आणि आपल्या फोनवर एकामागून एक चार गाणी लावली. पहिले विरहाचे. दुसरे चर्चमधले भजन. तिसऱ्यात एक पुरुष सोडून गेलेल्या बायकोच्या नावाने बोटे मोडतो आहे, आणि चौथ्यात एक बाई त्या पुरुषाला उत्तर देते आहे. शब्द निराळे, गळे निराळे. चाल मात्र चारही गाण्यांना एकच. माझे काम झाले होते. पण तिसरे गाणे म्हणणारा तो खर्जातला, स्वच्छ, जरासा हसरा आवाज काही केल्या कानांतून जाईना. त्या गवयाचे नाव हँक थॉम्सन. पुढचे दोन महिने मी त्याच्या ध्वनिमुद्रिका ऐकण्यात घालवले, त्याची ही हकिगत.

थॉम्सनचा जन्म ३ सप्टेंबर १९२५ चा, टेक्सासमधल्या वेको गावचा. गावाच्या अंगणातून ब्राझोस नदी वाहते; पुढे त्याने आपल्या वाद्यवृंदाला ‘ब्राझोस व्हॅली बॉईज’ हे नाव दिले ते या नदीवरून. लहानपणी पडद्यावरचा गाणारा गुराखी जीन ऑट्री हे त्याचे दैवत. आईवडिलांनी नाताळात चार डॉलरांची गिटार आणून दिली आणि पोरगा शाळेत असतानाच गावच्या नभोवाणी केंद्रावर गाऊ लागला. नाव घेतले ‘हँक द हायर्ड हँड’, म्हणजे आपल्या भाषेत ‘हँक सालगडी’. कार्यक्रमाचा खर्च उचलला होता एका पिठाच्या कंपनीने. यात हसण्यासारखे काही नाही. टेक्सासच्या या संगीताला पोसले ते गव्हाच्या पिठानेच. थॉम्सनच्या आधी बॉब विल्स या मातब्बर फिडलवादकाची सुरुवातही १९३१ च्या सुमारास फोर्ट वर्थच्या एका पीठ-गिरणीची जाहिरात करणाऱ्या ताफ्यातच झाली होती.

विल्सचे नाव निघाले आहे तर ‘वेस्टर्न स्विंग’ म्हणजे काय ते सांगून टाकतो. मनुष्य धंद्याने न्हावी, वाजवायचा फिडल. म्हणजे आपले व्हायोलिनच, पण शेतकऱ्यांच्या नाचाच्या ढंगाने. कापसाच्या शेतांवर काळ्या मजुरांची गाणी ऐकत तो वाढलेला. त्याने आणि मिल्टन ब्राऊन या दुसऱ्या टेक्सासकराने १९३०च्या दशकात खेड्यातल्या फिडलच्या चाली घेतल्या आणि त्या शहरी जाझच्या तालावर झुलवल्या. ब्राऊन १९३६ साली मोटार अपघातात गेला. विल्सने ओक्लाहोमातल्या टल्सा शहरी बस्तान बसवले. ढोल आणले, पितळी वाद्ये आणली आणि वर विजेवर चालणारी स्टील गिटार. या शेवटच्या वाद्याची ओळख आपल्याला वेगळी करून द्यायला नको. मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी फिरवायची ती हवाईयन गिटार. आपल्याकडे नभोवाणीवर चित्रपटातली गाणी ज्या गिटारवर वाजत ती हीच, हवाई बेटांतून निघून दोन वाटांनी दोन देशांत गेलेली. मींड काढावी तर तिनेच.

हा सारा सरंजाम कशासाठी? तर नाचासाठी. शनिवारी रात्री पाच-सहाशे माणसे लाकडी जमिनीवर बूट आपटत नाचत असली म्हणजे एकट्या गिटारीचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा पोचत नाही. आवाज मोठा करणे ही या संगीताची पोटापाण्याची गरज होती. या गरजेवर थॉम्सनइतका शास्त्रशुद्ध विचार दुसऱ्या कोणा गवयाने केला असेल असे वाटत नाही. कारण १९४३ साली शाळा सुटताच तो आरमारात गेला तो रेडिओ-तंत्रज्ञ म्हणून. त्या निमित्ताने त्याला प्रिन्स्टन विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे पाठही मिळाले. बोटीवर गाणी रचायची आणि फावल्या वेळात खलाशांना ऐकवायची, असा क्रम. युद्ध संपल्यावर त्याला अभियंता होता आले असते. तो वेकोला परतला आणि नभोवाणीवर गाऊ लागला. पण शिकलेली विद्या वाया गेली नाही. पुढे आपल्या ताफ्याबरोबर ध्वनिक्षेपणाची नि दिव्यांची स्वतःची सामग्री घेऊन हिंडणारा तो मनुष्य होता. ज्या काळात गावोगावचे गवई तिथल्या सभागृहाचा जो काही कर्णा असेल त्यापुढे उभे राहत, त्या काळात ही चैन म्हणावी, की गाण्यावरची निष्ठा? मी निष्ठा म्हणेन. शब्द ऐकू गेलाच पाहिजे, असा त्याचा आग्रह त्याच्या प्रत्येक तबकडीत दिसतो. इंग्रजी गाणी ऐकताना माझे अर्धे लक्ष शब्द पकडण्यात जाते; थॉम्सनचे तसे होत नाही.

१९४६ साली ‘व्हो, सेलर’ ही त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. दुसऱ्या वर्षी टेक्स रिटर या पडद्यावरच्या गायक-गुराख्याने शब्द टाकला आणि कॅपिटॉल या मोठ्या कंपनीने त्याला करारबद्ध केले. १९४८ मध्ये ‘हम्प्टी डम्प्टी हार्ट’ गाजले. आमच्या शेजारची बालवाडीतली मुले जे इंग्रजी बडबडगीत घोकतात त्यातलाच हा हम्प्टी डम्प्टी. भिंतीवरून पडून फुटलेल्या अंड्याची जागा येथे फुटलेल्या हृदयाने घेतली आहे. गाणे गोड आहे, पण पोरकट. एवढ्यावरच तो थांबता तर आज त्याच्यावर लिहायला मी बसलो नसतो.

आता त्या चालीकडे. वर्जिनिया राज्यातल्या कार्टर कुटुंबाने १९२९ साली ती एका विरहगीताला वापरून तबकडीवर आणली. १९३६ मध्ये रॉय अकफ या गवयाने त्याच चालीत बायबलातल्या यिर्मयाच्या पुस्तकातील पक्ष्याचे रूपक घेतलेले एक भजन ध्वनिमुद्रित केले आणि त्या भजनाने त्याचे नाव घरोघर पोचवले. म्हणजे १९५० पर्यंत दक्षिणेकडच्या अमेरिकनाला ही चाल आईच्या ओवीसारखी पाठ झालेली होती. अशा वेळी विल्यम वॉरन आणि आर्ली कार्टर या दोघांनी तिच्यावर एक तिसरे गाणे बसवले : ‘द वाइल्ड साइड ऑफ लाइफ’. १९५१ मध्ये ते जिमी हीप या टेक्सासच्याच गवयाच्या ताफ्याने मुद्रित केले होते. डिसेंबर १९५१ मध्ये हॉलिवुडला थॉम्सनने ते आपल्या पद्धतीने म्हटले.

कंपनीला त्या गाण्याची फारशी मातब्बरी नव्हती. तबकडीची मुख्य बाजू दुसऱ्याच गाण्याची, आणि हे मागच्या बाजूला, वजन भरून काढण्यापुरते. पण नभोवाणीवाल्यांनी तबकडी उलटी केली. नाणे टाकले की हवी ती तबकडी वाजवणारी जूकबॉक्स नावाची पेटी तिकडे प्रत्येक खानावळीत नि गुत्त्यात असे. त्या पेट्यांतूनही तेच गाणे घुमू लागले. १९५२ मध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या ग्रामीण गीतांच्या यादीत हे गाणे पंधरा आठवडे पहिल्या स्थानावर होते.

गाण्यात आहे काय? नवरा बोलतो आहे. बायको त्याला सोडून गेली आहे. दिव्यांचा झगमगाट, दारू आणि परक्या पुरुषांची संगत तिला घरापेक्षा प्यारी झाली. असल्या बायका, तो म्हणतो, देवानेच तशा घडवलेल्या. त्यांच्यापासून गृहिणीची अपेक्षा करणे ही आपलीच चूक. गावाच्या वेशीबाहेरचे नाचगुत्ते, ज्यांना तिकडे ‘हॉन्की टॉन्क’ म्हणत, तिथल्या अप्सरा म्हणून तो त्यांची संभावना करतो. थॉम्सन हे ओरडून सांगत नाही. कोर्टात फिर्याद वाचून दाखवावी तशा थंड आवाजात सांगतो, मागे दोन फिडली नि स्टील गिटार कुंथत असतात, आणि म्हणूनच ते खरे वाटते.

लाखो पुरुषांना ते खरे वाटले याचे कारण मात्र गाण्याबाहेर आहे. युद्धाच्या वर्षांत पुरुष आघाडीवर गेले आणि बायका कारखान्यांत शिरल्या. हातात पहिल्यांदाच स्वतःचा पगार आला. पुरुष परतले तेव्हा घर ठेवून गेले होते तसे उरले नव्हते. १९४६ साली अमेरिकेत घटस्फोटांचे प्रमाण तोवर कधी नव्हते इतके चढले होते. ज्या गुत्त्यात नवरा जूकबॉक्समध्ये नाणे टाकून हे गाणे ऐकत होता, त्याच गुत्त्यात तोही रोज जातच होता, हे त्याच्या ध्यानात येत नव्हते इतकेच.

ते ध्यानात आणून दिले लुइझियानाच्या क्राउली गावातल्या जे. डी. मिलर या गीतकाराने. गंमत अशी की बायकांची बाजू मांडणारे हे गाणेही एका पुरुषानेच लिहिले. देवाने अशा बायका घडवल्या नाहीत, असे ते म्हणते. लग्न झालेले असून मोकळे असल्यासारखे वागणारे पुरुष आधी घरातल्या बाईचा विश्वास मोडतात, आणि मग दोष तिच्या माथी येतो. चाल अर्थातच तीच. आपल्याकडे कलगीवाल्याने सवाल टाकावा आणि तुरेवाल्याने त्याच ढंगात जबाब द्यावा, त्यातलाच हा प्रकार.

गायला मिळाली किटी वेल्स. हे तिचे खरे नाव नव्हे. म्युरियल डीसन ही नॅशव्हिलचीच मुलगी. अठराव्या वर्षी जॉनी राइट या गवयाशी लग्न झाले, त्यानेच एका जुन्या गाण्यातले हे नाव तिला दिले. १९५२ साली ती बत्तीस वर्षांची, मुलाबाळांची आई, गाणे सोडून संसार पाहावा अशा विचारात. आधी काढलेल्या तबकड्या चालल्या नव्हत्या. ३ मे १९५२ रोजी ती नॅशव्हिलच्या मुद्रणगृहात गेली ती मुख्यतः एका सत्राचे म्हणून ठरलेले सव्वाशे डॉलर मिळतील म्हणून. ‘इट वॉझन्ट गॉड हू मेड हॉन्की टॉन्क एंजल्स’ हे गाणे काही विशेष चालेल असे तिला वाटलेच नव्हते. आवाज तिचा पातळ, देवळात आरती म्हणणाऱ्या शेजारणीसारखा. नाटकीपणा म्हणून नाही. अंगभर चौकटीचा झगा घालून ही सोज्वळ बाई सूर लावते आणि पुरुषजातीला सरळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. भडक कपड्यातली, डोळे मोडणारी एखादी गायिका हे गाती तर त्याचा विनोद झाला असता.

एन.बी.सी. या नभोवाणी संस्थेला गाणे चावट वाटले आणि तिने ते बंद केले. ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या सुप्रसिद्ध रंगमंचानेही प्रथम ते म्हणू देण्यास नकार दिला. नवऱ्याची फिर्याद मात्र सगळीकडे बिनदिक्कत वाजत होती! बंदीचा उपयोग जगात सर्वत्र होतो तसाच येथेही झाला. त्याच वर्षी वेल्सबाईंचे गाणे ‘बिलबोर्ड’च्या यादीत सहा आठवडे पहिले होते. त्या यादीच्या माथ्यावर एकटीच्या नावाने पोचलेली ती पहिली बाई. तोवर कंपन्यांचा ठाम समज असे, की बाई शोभेला ठीक. तबकडी खपते ती पुरुषाची.

ही दोन्ही गाणी भाचा लावत होता तेव्हा आमच्या सौभाग्यवती चकल्या तळून बाहेर आल्या होत्या. इंग्रजी गाण्यांशी त्यांचे फारसे सख्य नाही. भाच्याने अर्थ सांगितला तो त्यांनी उभ्या उभ्याच ऐकला आणि म्हणाल्या, ‘अरे, पण पहिल्या गाण्यात तिला कोणी विचारलंच नाही ना, का गेलीस म्हणून?’ आणि पुन्हा आत गेल्या. मी पंचवीस वर्षे साहित्य शिकवतो. त्या गाण्यावर इतके नेमके भाष्य मला करता आले नव्हते, हे येथे कबूल करतो.

आता ज्या गोष्टीमुळे थॉम्सन मला केवळ एक लोकप्रिय गवई वाटत नाही, ती सांगतो. पंधरा आठवडे बायकांना नावे ठेवणाऱ्या या मनुष्याने त्याच वर्षी कॅपिटॉलकडे एका मुलीची शिफारस केली. जीन शेपर्ड तिचे नाव. मूळची ओक्लाहोमाची, वाढलेली कॅलिफोर्नियात. मुलींच्याच एका ताफ्यात भलेमोठे उभे बास वाजवणारी. ते वाद्य विकत घेण्यासाठी तिच्या आईबापांनी घरातले लाकडी सामान गहाण टाकले होते. थॉम्सनने तिला ऐकले आणि कंपनीशी गाठ घालून दिली. १९५३ मध्ये फर्लिन हस्की या गवयाबरोबरचे तिचे द्वंद्वगीत पहिल्या क्रमांकावर पोचले. वय एकवीसच्या आत, राज्याबाहेर दौऱ्यावर जायचे तर कायद्याने पालक हवा, म्हणून हस्कीलाच तिचा पालक नेमावे लागले!

दुसरी मुलगी वांडा जॅक्सन. थॉम्सनने तोवर ओक्लाहोमा सिटीला बिऱ्हाड केले होते. तिथल्या नभोवाणीवर शाळकरी वांडाचा आवाज त्याच्या कानी पडला आणि त्याने तिला आपल्या ताफ्याबरोबर गायला बोलावले. १९५४ मध्ये त्याच्याच ताफ्यातल्या बिली ग्रेबरोबर तिने गायलेले द्वंद्वगीत डेक्का कंपनीने काढले. कॅपिटॉलकडे थॉम्सनने शब्द टाकून पाहिला होता. तिथून मुलींच्या तबकड्या खपत नाहीत असे उत्तर आल्याचे वांडा सांगत असे. जीन शेपर्डचा अनुभव ताजा असताना हे उत्तर! पुढे १९५६ साली त्याच कंपनीने तिला सन्मानाने बोलावले. नंतरच्या पिढीने तिला ‘रॉकाबिलीची राणी’ म्हटले.

थॉम्सनने हे कशासाठी केले? फिर्याद गाऊन मन खात होते, असा अर्थ काढायला कोणी सोकावलेला टीकाकार मोकळा आहे. मला तसे वाटत नाही. त्याला आवाज कळत असे आणि चांगला आवाज कानी पडला की त्याला राहवत नसे, इतके साधे ते असावे. गाण्यातला ‘मी’ आणि गाणारा मनुष्य यांत अंतर असते, हे आम्ही कवितेच्या तासाला वर्षानुवर्षे सांगतो. हा त्याचा जिवंत दाखला.

पुढची वाटचाल यशाची आणि म्हणून सांगायला थोडी. १९५३ मध्ये ‘रब-अ-डब-डब’, पुन्हा बडबडगीतच. १९५५ मध्ये मर्ल ट्रॅव्हिस या अंगठ्याच्या करामतीबद्दल नावाजलेल्या गिटारवादकाबरोबर ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ ही नुसती वाद्यांची तबकडी. तीही कार्टर कुटुंबाने गाजवलेल्या गाण्याची. ज्यांना थॉम्सनच्या ताफ्याचा कस पाहायचा आहे त्यांनी ती ऐकावी; माझ्या मते त्याच्या सर्व मुद्रणांत ती अव्वल. १९६० मध्ये ‘अ सिक्स पॅक टू गो’, घरी नेण्यासाठी बियरचे सहा डबे मागणाऱ्या कफल्लकाचे गाणे. दारूवर त्याने पुष्कळ गायले, मात्र उपदेश केला नाही. १९६१ मध्ये लास व्हेगासच्या गोल्डन नगेट या जुगारगृहातला त्याचा जलसा प्रेक्षकांच्या कोलाहलासकट मुद्रित झाला. ग्रामीण संगीतात अशा प्रकारच्या पहिल्या-वहिल्या तबकड्यांत तिची गणना होते. रॉक अँड रोलच्या लाटेत मोठे वाद्यवृंद परवडेनासे होऊन मोडले. ब्राझोस व्हॅली बॉईज टिकले. ‘बिलबोर्ड’च्या कौलात दशकाहून अधिक काळ त्यांचा पहिला क्रमांक होता. १९६५ च्या सुमारास त्याने कॅपिटॉल सोडले. नंतरच्या तबकड्या मी ऐकल्या. आवाज तसाच, पण साथीला तंतुवाद्यांचा गोडगट्ट पाक ओतलेला. नॅशव्हिलची त्या काळची ती रीतच होती. ग्रामीण संगीताच्या सन्मानगृहात किटी वेल्स १९७६ मध्ये गेली, थॉम्सन १९८९ मध्ये.

ती दोन गाणी मात्र एकमेकांना सोडीनात. १९८१ मध्ये वेलन जेनिंग्ज आणि त्याची बायको जेसी कोल्टर या गायक जोडप्याने ती एकत्र गुंफून एकच गाणे केले. फिर्याद नवऱ्याने म्हणायची, कैफियत बायकोने. चाल एक असल्यामुळे सांधा कोठे आला ते कळतसुद्धा नाही.

थॉम्सन अखेरपर्यंत गात राहिला. २००० साली ‘सेव्हन डिकेड्स’ नावाचा त्याचा संग्रह निघाला. १९४०च्या दशकापासून मोजले तर नावात अतिशयोक्ती नव्हती. ८ ऑक्टोबर २००७ रोजी वेको गावी त्याचा कार्यक्रम झाला. तो दिवस टेक्सासमध्ये ‘हँक थॉम्सन दिन’ म्हणून जाहीर झाला होता. चार डॉलरांची गिटार ज्या गावात हाती आली, त्याच गावातले हे गाणे शेवटचे ठरले. फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. पुढचे सगळे कार्यक्रम त्याने रद्द केले, १ नोव्हेंबरला निवृत्ती जाहीर केली आणि ६ नोव्हेंबरला, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, तो गेला.

किटी वेल्स त्यानंतर पाच वर्षे जगली. १६ जुलै २०१२ रोजी तिचे निधन झाले तेव्हा ती ब्याण्णव वर्षांची होती. तिचे यजमान आदल्याच वर्षी वारले होते. संसार झाला होता जवळजवळ चौऱ्याहत्तर वर्षांचा.